एका घोटाचे मोजमाप



'सुरतचे जेवण आणि काशीचे मरण' ही म्हण गुजरातेत लहानथोरांच्या तोंडी आहे, आणि महाराष्ट्रातही ती पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असेल. ज्या सुरत शहरात मी राहते आणि मराठी मुलांना शिकवते, त्या शहराला ह्या म्हणीचा मोठा अभिमान आहे. हिवाळा आला की तापीच्या काठी पोंक, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, शेव आणि ताकाबरोबर खाण्यासाठी माणसांची झुंबड उडते. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, घारीचे डबे घरोघर येतात. सकाळी लोचोच्या दुकानापुढे रांग लागलेली असते. यंत्रमागांच्या ओढीने खानदेशातून येथे येऊन स्थायिक झालेल्या हजारो मराठी कुटुंबांनीही हे खाद्यवैभव केव्हाच आपलेसे केले आहे.

अशा शहरातून जेवणाविषयी बोलायचे म्हणजे पदार्थांविषयी बोलावे, असे तुम्हांला वाटेल. परंतु मी आज पदार्थांविषयी बोलणार नाही. घास ताटातून उचलल्यानंतर आणि पोटात पोहोचण्यापूर्वी वाटेत काय घडते, त्याविषयी बोलणार आहे. हे इतके सहज घडते की आपण त्याला कधी कृती असे म्हणतही नाही. ती कृती बिघडली म्हणजेच तिचे मोल कळते. आमच्या घरी ते असेच कळले.

प्रथम एक छोटासा प्रयोग करा. आपली तर्जनी गळ्यावर, कंठमण्यावर अलगद ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी झटकन वर चढतो, किंचित पुढे येतो आणि पुन्हा आपल्या जागी उतरतो. आता बोट हनुवटीच्या खाली, मऊ भागावर ठेवून पुन्हा गिळा. तेथे काही तरी घट्ट होऊन सैल पडल्याचे जाणवेल. हनुवटीखालचे हे स्नायू कंठिका नावाच्या एका लहानशा, नालेच्या आकाराच्या हाडाला वर आणि पुढे ओढतात. त्या हाडाबरोबर स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडते, स्वरतंतू एकमेकांना मिटतात, श्वास क्षणभर थांबतो, आणि एरव्ही आवळलेले अन्ननलिकेचे तोंड उघडते. घास आत गेला की झाकण उघडते आणि श्वास पुन्हा सुरू होतो. घशातील हा सारा व्यवहार साधारण एका सेकंदात आटोपतो.

वाऱ्याची आणि अन्नाची वाट गळ्यात एकमेकींना छेदून जाते. रेल्वेच्या फाटकाशी जशी एक वाट बंद केल्यावाचून दुसरी उघडता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. ह्या फाटकावर स्नायूंच्या पंचवीस-तीस जोड्या राबतात आणि मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पाच जोड्या त्यांना हुकूम देतात. जेवताना, बोलताना, झोपेतसुद्धा, अशा रीतीने आपण दिवसाकाठी काही शे वेळा गिळत असतो. गिळण्याच्या क्रियेचे तीन टप्पे आहेत, हे फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ माजांदी ह्याने १८१६ च्या सुमारास सांगितले; तोंड, घसा आणि अन्ननलिका ही त्याची विभागणी आजही शिकवली जाते. ह्यांपैकी तोंडातील टप्पाच काय तो आपल्या इच्छेचा. घास एकदा घशात उतरला की आपला अधिकार संपतो आणि शरीराचा सुरू होतो.

आता घरची हकीकत सांगते. माझे सासरे सत्तरी ओलांडलेले. उमेदीची सारी वर्षे त्यांनी यंत्रमागांच्या खडखडाटात काढली. स्वभाव बोलका, पंगतीत चार माणसांना हसवणारा. दोन वर्षांपूर्वी ते हळूहळू एकटे जेवू लागले. 'तुम्ही बसा, मला भूक नाही,' असे म्हणायचे आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर स्वयंपाकघरात एका बाजूला बसून अर्धी पोळी कुस्करून खायचे. अर्धा-पाऊण तास लागायचा. आम्हांला वाटले, कोणाचे तरी बोलणे मनाला लागले असावे. मी स्वतः एकदा चिडून म्हटले, 'बाबा, अन्न गार होते, किती वेळ चघळत बसायचे?' ते काही बोलले नाहीत. पुढे ते रविवारी मिस्सेला येण्याचेही टाळू लागले. कोरड्या तोंडात ख्रिस्तशरीर अडकेल आणि भर मंदिरात ठसका लागेल ह्या भीतीने ते घरी बसत होते, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. त्या हिवाळ्यात त्यांना दोनदा ताप आला, छाती भरली, आणि अंगावरचे सदरे ढगळ झाले.

ठसका लागला की आम्ही काय करत होतो? तुम्हीही जे करता तेच. पाठीवर थापटायचे, 'वर बघा, वर बघा' म्हणायचे आणि वरून पेलाभर पाणी द्यायचे. लहानपणापासून आपण सारे हेच शिकलो आहोत. पुढे मला समजले की हा उपदेश पुष्कळ वेळा उलट आहे. मान वर केली की श्वासनलिकेची वाट अधिक मोकळी होते आणि घशातले पाणी तिकडे घसरण्याचा संभव वाढतो. ज्यांना असा त्रास असतो, त्यांच्यापैकी अनेकांना तज्ज्ञ नेमके ह्याच्या विरुद्ध, म्हणजे हनुवटी किंचित छातीकडे झुकवून गिळण्यास शिकवतात.

छातीच्या डॉक्टरांनी आम्हांला वाचोपचारतज्ज्ञांकडे धाडले, तेव्हा मला आश्चर्यच वाटले. बोलण्यात अडखळणाऱ्या मुलांना सुधारणारे हे लोक. गिळण्याशी त्यांचा काय संबंध? परंतु विचार केला तर उलगडा होतो. जीभ, टाळू, घसा, स्वरयंत्र ही सारी वाणीची साधने आहेत, आणि तीच गिळण्याचीही आहेत. आपल्या देशात ह्या विद्येचे शिक्षण देणारी मोठी संस्था म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झाली. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ह्यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तरीही गिळण्याच्या दोषावर उपाय करणारे कोणी असते, हे अजून आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

तेथे जी तपासणी झाली, तिचे मूळ एका बेडकात आहे. इटलीतील बोलोन्याच्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेच्या स्पर्शाने उडतात हे पाहिले आणि १७९१ साली ते प्रसिद्ध केले. पुढे १८४९ च्या सुमारास जर्मनीतील द्यू ब्वा-रेमों ह्याने जिवंत माणसाने आपला हात आवळला असता त्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह मिळतो, हे दाखवून दिले. म्हणजे विजेने स्नायू हलतो एवढेच नव्हे, तर स्नायू हलताना वीजही उमटते. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस ह्यांनी कलकत्त्यात हाच धागा धरून वनस्पतींच्या अंगी उमटणारे विजेचे प्रतिसाद टिपले. ह्या विद्येची एक शाखा आज स्नायूंचे विद्युत्-आलेखन म्हणून ओळखली जाते. हृदयाचा कार्डिओग्राम आपल्या परिचयाचा आहे. हा स्नायूंचा कार्डिओग्राम समजा.

ही वीज किती असते? टॉर्चच्या एका सेलची शक्ती दीड व्होल्टची. गिळताना हनुवटीखालच्या कातडीवर मिळणारी वीज काही दशके मायक्रोव्होल्टची, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागणारी. पन्नास मायक्रोव्होल्ट धरले, तर ती त्या सेलच्या तीस हजाराव्या हिश्श्याएवढी भरते. एवढीशी कुजबुज ऐकण्यासाठी यंत्राला तिचा आवाज हजारो पटींनी वाढवावा लागतो. ते ऐकताना मान हलली, रुग्ण बोलला, तरी त्या गलबल्यात गिळण्याचा आवाज बुडून जातो. वर्गात पाठीमागच्या बाकावरील मुलाची कुजबुज ऐकू पाहणाऱ्या शिक्षिकेला हे चांगले समजेल.

तपासणीत सुई नाही, क्ष-किरण नाहीत, दुखणे नाही. तरीही बाबा बिचकले. तेव्हा तेथल्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, 'दादा, आधी तुमच्या नातीची तपासणी करू, मग तुमची.' माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिच्या हनुवटीखालची त्वचा स्पिरिटने पुसून तेथे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना रुपयाहून लहान अशा दोन चकत्या चिकटवल्या, तिसरी गळपट्टीच्या हाडावर लावली, आणि तिला मोजून चमचाभर पाणी दिले. खूण करताच तिने ते गिळले. पडद्यावर सपाट रेघ एकदम वर चढली, तिचे टोकदार शिखर झाले आणि ती तितक्याच लगबगीने खाली उतरली. तीन वेळा पाणी दिले. तीनही शिखरे एकमेकींच्या बहिणी शोभतील अशी.

मग बाबांची पाळी. त्यांच्या रेघेने चढायला वेळ घेतला. ती पसरत गेली, माथ्यावर रेंगाळली, उतरता उतरता पुन्हा उचलली आणि एक लहानसा दुसरा डोंगर झाला. एका चमच्याला त्यांना दोन घोट करावे लागत होते. परंतु एक गोष्ट पाहून मी चकित झाले. त्यांचे शिखर नातीच्या शिखराहून काही फारसे ठेंगणे नव्हते. मी म्हटले, 'म्हणजे बाबांची ताकद उत्तम आहे!'

बाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या की पडद्यावर दिसते ती ताकद नव्हे, ती मेहनत. दोन माणसांच्या डोक्यांवर सारख्या वजनाची गोणी द्या. तरुण हमाल ती निम्म्या जोरात नेईल. म्हातारा हमालही तीच गोणी नेईल, परंतु त्याला आपला बहुतेक सारा जोर पणाला लावावा लागेल. शिवाय एकाची रेघ दुसऱ्याच्या रेघेशी सरळ ताडून पाहणेही बरोबर नाही, कारण कातडीखाली चरबी किती आहे, चकत्या कोठे बसल्या आहेत, ह्यांवर उंची बदलते. म्हणून प्रथम माणसाला शक्य तितक्या जोराने गिळण्यास सांगतात आणि नेहमीचा घोट त्या जोराच्या किती हिश्श्याचा आहे ते पाहतात. ज्याची त्याची तुलना ज्याच्या त्याच्याशीच. परीक्षांच्या टक्केवारीत बुडालेल्या मला हा धडा फार मोलाचा वाटला.

जगातल्या इतर अभ्यासांतही ह्याच दिशेचे निष्कर्ष निघाले आहेत. इस्रायलमधील संशोधकांनी २००४ साली चारशेहून अधिक निरोगी प्रौढांच्या गिळण्याचे असे आलेख प्रसिद्ध केले. वय वाढले तसा स्नायूंचा काम करण्याचा काळ लांबतो, परंतु विजेच्या उंचीत तसा ठळक फरक पडत नाही, असे त्यांत दिसले. अमेरिकेत जीभ टाळूवर किती जोराने दाबता येते हे मोजले गेले. म्हाताऱ्यांचा कमाल जोर तरुणांहून कमी भरला. परंतु प्रत्यक्ष गिळताना दोघेही जवळजवळ सारखाच जोर लावत होते. कमी झाली होती ती शिल्लक. तरुणाच्या खात्यात खर्च भागवून पुष्कळ उरते. वृद्धाच्या खात्यात जेमतेम खर्चापुरते असते. सारे सुरळीत असेल तोवर कोणाला पत्ता लागत नाही. एखादा ताप येतो, शस्त्रक्रिया होते, पंधरा दिवस अंथरूण धरावे लागते, आणि खाते एकाएकी रिकामे होते.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. म्हातारपणी गिळणे संथ होते, हा वयाचा धर्म आहे. त्याला रोग म्हणू नये. परंतु वारंवार ठसका लागणे हा वयाचा धर्म नव्हे. त्याकडे 'म्हातारपण आहे, चालायचेच' म्हणून डोळेझाक करू नये. त्याच्यामागे लहानसा पक्षाघात असू शकतो, कंपवात असू शकतो, घशाची गाठ असू शकते. तंबाखू आणि गुटख्याने पोखरलेल्या आपल्या ह्या मुलखात तर ती शंका आधी घ्यावी. ही खाते संपत आल्याची सूचनाही असू शकते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. त्यांतील कित्येक आज रात्री सगळ्यांच्या मागून, एकटी जेवायला बसतील.

ह्या यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. स्नायूंनी केव्हा, किती वेळ आणि किती मेहनत केली, हे ते सांगते. पाणी चुकून श्वासनलिकेत गेले की नाही, हे ते सांगू शकत नाही. त्यासाठी बेरियम देऊन क्ष-किरणांखाली चलच्चित्र घेतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. हे पाहणे फार अगत्याचे आहे, कारण काही रुग्णांच्या घशातील संवेदनाच बोथट झालेली असते. अन्न श्वासनलिकेत उतरते आणि ठसकासुद्धा लागत नाही. कळते ते पुढे, छाती भरल्यावर. बाबांचीही दुर्बिणीने तपासणी झाली. सुदैवाने मोठा रोग निघाला नाही. स्नायू दुबळे झाले होते, तोंड कोरडे पडत होते आणि कवळी सैल झाली होती.

उपचारातही तोच पडदा कामी आला. गिळण्याचे व्यायाम असतात. जीभ टाळूवर दाबून धरायची. कंठमणी वर गेला की तो क्षणभर तेथेच रोखून धरायचा. उताणे निजून खांदे न उचलता फक्त डोके उचलून पायांच्या बोटांकडे पाहायचे. हे सारे तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावे. परंतु जे दिसत नाही त्याचा व्यायाम माणसाने करावा कसा? बाबांना समोर रेघ दिसू लागली आणि अडचण दूर झाली. आयुष्यभर मागावरचा ताणा नजरेने पारखलेला माणूस! पहिल्याच दिवशी पडद्याकडे पाहत ते म्हणाले, 'धागा तुटलेला नाही, ढिला झालाय.' काही आठवड्यांनी दुसरा डोंगर ठेंगणा झाला. तो पार नाहीसा झाला नाही, आणि तो होईल असे कोणी आश्वासनही दिले नव्हते.

घरातही आम्ही पुष्कळ बदलले. एक नवल असे कळले की अशा माणसाला सर्वांत अवघड पदार्थ म्हणजे साधे पाणी. ते इतके चपळ असते की झाकण पडण्यापूर्वीच घसरते. त्याहून दाट, एकजीव अन्न, म्हणजे घट्टसर वरण, मऊ खिचडी, दह्याची कढी, ही सोपी. कोरडे आणि पातळ एकत्र आले की फसगत होते: दुधात भिजवलेला चिवडा, रश्शात बुडवलेले पोळीचे तुकडे. आणि सुरतेचा तो पोंक! सुटे दाणे, वर कोरडी शेव, मागून पातळ ताक. तरुणाला मेजवानी, वृद्धाला परीक्षा. जेवताना ताठ बसवावे, निजलेल्या माणसाला भरवू नये, गुंगीत असलेल्याच्या तोंडात तर मायेनेही पाणी घालू नये. लहान घास, एक गिळल्यावर दुसरा. तोंडात घास असताना प्रश्न विचारू नयेत, विनोद सांगू नयेत. जेवणानंतर अर्धा तास बसू द्यावे. सकाळ-संध्याकाळ तोंड आणि कवळी स्वच्छ करावी, कारण छातीत उतरणारा जंतू पुष्कळदा तोंडातलाच असतो.

आणि कोणत्या खुणा दिसताच डॉक्टरांकडे जावे? जेवताना किंवा पाणी पिताना वारंवार खोकला. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता होणे. गालात अन्न साचून राहणे. जेवणाला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागणे. कारणावाचून वजन उतरणे. पुन्हा पुन्हा ताप येऊन छाती भरणे. आणखी एक खूण मी माझ्या अनुभवाने त्यांत घालते: पूर्वी पंगतीत रमणारे माणूस एकटे जेवू लागणे.

विज्ञानाने एका घोटातली वीज मोजली, ही मोठी गोष्ट आहे. परंतु मला त्या पडद्याने दाखवले ते आणखी काही होते. ज्याला मी हट्ट समजले, ती मेहनत होती. प्रत्येक घासागणिक बाबा आपली सारी शक्ती पणाला लावत होते आणि मी बाजूला उभी राहून अन्न गार झाल्याचे सांगत होते. नातीचे आणि आजोबांचे आलेख शेजारी शेजारी पाहिले नसते, तर ते मला कदाचित कधीच समजले नसते.

आता बाबा आमच्याबरोबर जेवायला बसतात. त्यांचे जेवण सर्वांच्या मागून संपते. आमच्या घरचा नवा नियम असा आहे की त्यांचा शेवटचा घास गिळून होईपर्यंत कोणीही पानावरून उठायचे नाही. पहिले काही दिवस मुलीला तो कंटाळवाणा वाटला. हल्ली तीच त्या वेळात कॉलेजच्या गमती सांगत बसते, आणि आजोबा घास संपवून मगच हसतात.

तुमच्याही घरी आज रात्री कोणी सावकाश जेवत असेल, तर घाई करू नका. थोडे थांबा, आणि लक्ष ठेवून पाहा.